फुप्फुसातला नोकार्डिया सीटीवर कसा दिसतो?

प्रश्न रेडिओलॉजी शिकणाऱ्या एका निवासी डॉक्टरांचा आहे. रुग्णाचं मूत्रपिंड प्रत्यारोपण होऊन तीन वर्षं झालेली, टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू. तीन आठवडे बारीक ताप, खोकला, वजन उतरलेलं. सीटीत उजव्या खालच्या लोबमध्ये (फुप्फुसाच्या खालच्या खणात) कन्सॉलिडेशन, म्हणजे हवेच्या जागी द्रव भरून घट्ट झालेला भाग, त्यात छोटी पोकळी, शिवाय दोन्ही फुप्फुसांत चार-पाच गाठी. बेडक्यात टीबीचे जंतू नाहीत, जनुकीय चाचणीही निगेटिव्ह. रिपोर्टमध्ये त्यांनी लिहिलं, 'टीबी, बुरशीचा संसर्ग किंवा कॅन्सर'. पुढे ब्रॉन्कोस्कोपीच्या (श्वासनलिकेत दुर्बीण घालून घेतलेल्या) नमुन्यात नोकार्डिया हा जिवाणू वाढला. ते विचारतात, हे सीटीवरूनच ओळखता आलं असतं का? माझं काय चुकलं?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तो मनाला लागलेला दिसतोय. तुम्ही लिहिलेल्या तीनही शक्यता योग्य होत्या. यादीत चौथं नाव हवं होतं, एवढंच. पण ते एक नाव नसल्यामुळे काय बिघडतं, हे नीट समजून घ्या. नोकार्डियाचं निदान शेवटी प्रयोगशाळेत होतं, आणि प्रयोगशाळेला कुणी सांगितलं नाही तर ते सहज निसटतं. नेहमीच्या कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या, प्लेट दोन-तीन दिवसांत टाकून देतात. नोकार्डियाला वर यायला कधी तीन दिवस लागतात, कधी दोन आठवडे. म्हणजे आपण रिपोर्टमध्ये ते नाव लिहितो ते निदान पक्कं करायला नव्हे, तर प्लेट टाकून देऊ नयेत म्हणून.

आता पहिला प्रश्न. केवळ सीटी पाहून 'हा नोकार्डियाच' असं कुणालाही म्हणता येत नाही. पण काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या, आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती खालावलेली असली, की हे नाव मनात आलंच पाहिजे.

खुणा पाठ करण्यापेक्षा त्या का दिसतात ते समजून घेतलं तर विसरत नाहीत. नोकार्डिया हा मातीत राहणारा जिवाणू. एडमंड नोकार या फ्रेंच पशुवैद्यकाने 1888 साली गुरांच्या एका रोगात त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. माणसातला रुग्ण त्यानंतर दोन-तीन वर्षांतच एप्पिंगर यांनी नोंदवला, आणि त्या रुग्णाच्या मेंदूत गळू होतं. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवा, त्याकडे पुन्हा यायचं आहे. जिवाणू असूनही त्याचे धागे फांद्या फुटल्यासारखे वाढतात, म्हणून पुष्कळ काळ त्याला बुरशीच समजत. धुळीबरोबर तो श्वासातून आत जातो. न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी त्याला थोपवून धरतात, पण मारायला प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींची मदत लागते. ज्याच्या टी-पेशी औषधांनी दाबलेल्या आहेत, त्याच्या फुप्फुसात न्यूट्रोफिल जमत राहतात, जंतू मरत नाही, आणि पू साठत जातो. छोटी-छोटी गळवं होतात, एकमेकांत मिसळतात. टीबीत दिसतो तसा सुबक ग्रॅन्युलोमा, म्हणजे जंतूभोवती पेशींची बांधीव गाठ, इथे बहुधा बनत नाही. सीटीवर आपण जे पाहतो ते या पुवाचंच चित्र असतं.

एक चित्र डोळ्यांसमोर उभं करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी वाचलेला एक सीटी. रुग्ण महिनोन्‌महिने स्टिरॉइडवर होता. लंग विंडोमध्ये (फुप्फुस नीट दिसेल अशा उजेडाच्या मांडणीत) डाव्या खालच्या लोबमध्ये फुप्फुसाच्या कडेला टेकलेलं, पाचरीसारखं पांढरं कन्सॉलिडेशन. आत एअर ब्रॉन्कोग्राम, म्हणजे हवा भरलेल्या श्वासनलिकांच्या काळ्या रेघा, पण त्या मध्यापर्यंत येऊन अचानक तुटलेल्या. कोणत्याही न्यूमोनियात दिसावं तसंच. मग मी मऊ ऊतींसाठीची मीडियास्टायनल विंडो लावली, विड्थ 350 आणि लेव्हल 40 च्या आसपास. ते सलग पांढरं कन्सॉलिडेशन त्या विंडोत सलग राहिलं नाही. शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्ट औषधाने उजळलेल्या भागाच्या आत करडे, द्रवासारखे डाग होते. एक मोठा, शेजारी दोन लहान, आणि प्रत्येकाभोवती पातळ उजळ कडा. हवा कुठेच नव्हती, म्हणजे पोकळी अजून बनलेली नव्हती. पण आत पू होता. त्याच पातळीवर दोन बरगड्यांच्या मधली चरबी दुसऱ्या बाजूशी ताडून पाहिली, तर ती काळी-स्वच्छ असायला हवी तिथे धुरकट, रेघारेघांची झालेली. आजार प्ल्यूरा (फुप्फुसाचं आवरण) ओलांडून छातीच्या भिंतीत शिरायला लागला होता.

कन्सॉलिडेशनच्या पोटात असलेला हा कमी घनतेचा, कडा उजळणारा भाग ही मला सगळ्यात कामाची खूण वाटते. ती लंग विंडोमध्ये दिसत नाही. कॉन्ट्रास्ट दिला नसेल तर बहुतेक वेळा मीडियास्टायनल विंडोमध्येही दिसत नाही. प्रत्यारोपणाच्या रुग्णात कॉन्ट्रास्ट द्यायला आपण बिचकतो, आणि क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंड कमी काम करत, असेल तर बिचकायलाच हवं. अशा वेळी अल्ट्रासाऊंडचा प्रोब उचला. कन्सॉलिडेशन प्ल्यूराला टेकलेलं असेल तर आतलं गळू अल्ट्रासाऊंडवर छान दिसतं, कलर डॉप्लरवर तिथे रक्तप्रवाह नाही हेही कळतं, आणि त्याच बैठकीत सुई घालायची वाट सापडते. ही सोपी गोष्ट आपल्या शाखेतच फार विसरली जाते.

गाठींबद्दल. नोकार्डियात गाठी फार सामान्य आहेत. काही मिलिमीटरपासून काही सेंटिमीटरपर्यंत, एक किंवा अनेक, कडा खडबडीत. मोठी गाठ तीन सेंटिमीटरच्या वर गेली की तिला मास म्हणावं लागतं, आणि मग सगळ्यांच्या डोक्यात कॅन्सर येतो. गाठीभोवती कधी ग्राउंड ग्लासचं, म्हणजे धुरकट काचेसारखं, वलय दिसतं, ज्याला आपण हॅलो म्हणतो. हॅलो म्हटलं की अ‍ॅस्परजिलस ही बुरशी, असं समीकरण आपल्याला शिकवलेलं असतं. न्यूट्रोफिल अगदी खाली गेलेल्या रुग्णात ते बऱ्यापैकी खरंही असतं. पण प्रत्यारोपणाच्या किंवा स्टिरॉइडवरच्या ज्या रुग्णाचे न्यूट्रोफिल चांगले आहेत, त्याच्यात हॅलो दिसला म्हणून थेट बुरशीवर उडी मारू नका. त्या जागी नोकार्डियाही तितक्याच हक्काने बसतो.

पोकळी. ती गाठीतही होते, कन्सॉलिडेशनमध्येही होते, आणि तिची भिंत बहुतेकदा जाड, आतून ओबडधोबड असते. इथे वेगाकडे लक्ष द्या. जुना सीटी किंवा एक्स-रे मिळाला तर शेजारी लावा. दोन आठवड्यांपूर्वी भरीव असलेली गाठ आज आतून फुटलेली दिसत असेल, तर ती कॅन्सरच्या गतीने चाललेली नाही, आणि टीबीच्या नेहमीच्या गतीनेही नाही. उलट साध्या न्यूमोकॉकल न्यूमोनियासारखी ही चाल दोन दिवसांचीही नसते. आठवड्यांत मोजावी लागणारी ही मधली चाल नोकार्डियाची आहे. तुमच्या रुग्णाची तीन आठवड्यांची कहाणी त्यात चपखल बसते.

बाकी गोष्टी भरभर सांगतो. प्ल्यूरामध्ये पाणी किंवा पू पुष्कळ रुग्णांत असतो. ग्राउंड ग्लास दिसतो, कधी त्यात जाळी पडून क्रेझी पेव्हिंगही दिसतं. मीडियास्टायनमच्या (दोन फुप्फुसांमधल्या जागेतल्या) लसिका ग्रंथी वाढतात, पण तितक्या ठळकपणे नाही. मिलियरी (बाजरीएवढे) ठिपके विरळ. साधा एक्स-रे यातलं फारसं काही सांगत नाही.

एक रुग्णगट मात्र वेगळा काढून सांगायला हवा, कारण तिथे वरचं सगळं चित्र बदलतं. ज्यांना आधीपासून ब्रॉन्किएक्टॅसिस (श्वासनलिका कायमच्या फुगलेल्या असणं) किंवा सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद होण्याचा जुनाट आजार) आहे, त्यांच्यात नोकार्डिया गळू न करता श्वासनलिकांच्या आसपास रेंगाळतो. फुगलेल्या, जाड भिंतीच्या नळ्या, चिकट कफाने भरलेल्या, आणि टोकाला ट्री-इन-बड, म्हणजे कळ्या आलेल्या फांदीसारखं चित्र. हे चित्र नॉनट्युबरक्युलस मायकोबॅक्टेरिया, म्हणजे टीबीच्या जंतूच्या भाऊबंदांच्या संसर्गासारखं हुबेहूब दिसतं. अशा रुग्णाच्या बेडक्यात नोकार्डिया सापडला तरी तो नुसता वस्तीला आहे की आजार करतोय, हे ठरवायला पुन्हा आपल्याच तुलनात्मक सीटीचा आधार घेतला जातो. नवं कन्सॉलिडेशन किंवा नवी गाठ आहे का, एवढं तरी रिपोर्टमध्ये स्पष्ट हवं. आणि हो, प्रतिकारशक्ती उत्तम असलेल्या माणसालाही नोकार्डिया होतो. नोंदलेल्या रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश जणांमध्ये प्रतिकारशक्ती कमी असल्याचं कुठलंच कारण सापडत नाही.

आता ज्यांच्याशी गल्लत होते त्यांच्याबद्दल. टीबीशी होणारी गल्लत सगळ्यात जुनी. दोन्हींत आठवडे चालणारा ताप, वजन उतरणं, वरच्या लोबमध्ये पोकळी. त्यात भर म्हणजे नोकार्डिया अर्धवट अ‍ॅसिड-फास्ट असतो, म्हणजे आम्लाने धुतल्यावरही रंग थोडाफार धरून ठेवतो. टीबीसाठी नेहमीच्या तीव्र आम्लाने स्लाइड धुतली तर त्याचा रंग बहुतेकदा निघून जातो. सौम्य, एक टक्का गंधकाम्ल वापरून केलेल्या सुधारित पद्धतीत तो लाल धागा होऊन दिसतो. म्हणजे नेहमीच्या स्लाइडवर तो एक तर दिसतच नाही, किंवा थोडा रंग टिकून राहिला तर टीबी समजला जातो. दोन्ही बाजूंनी फसवणूक. सीटीवर टीबीकडे झुकवणाऱ्या गोष्टी म्हणजे ठळक ट्री-इन-बड, मध्यभागी कुजलेल्या लसिका ग्रंथी आणि जुन्या टीबीचे कॅल्शियमचे ठिपके. छातीच्या भिंतीत शिरलेला आजार आणि कन्सॉलिडेशनच्या आतली अनेक गळवं नोकार्डियाकडे झुकवतात. पण हे झुकणंच आहे. टीबीची औषधं सुरू करून महिना-दीड महिना झाला आणि सीटी बिघडतच चाललाय, अशा प्रत्येक रुग्णात मी नोकार्डिया पुन्हा विचारात घ्यायला सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका रुग्णाचा दुसरा सीटी मी 'टीबी वाढलेला आहे' म्हणून वाचला होता, आणि त्याला खरं औषध मिळायला आणखी तीन आठवडे गेले. ते तीन आठवडे मी विसरलेलो नाही.

अ‍ॅक्टिनोमायसिस या दुसऱ्या जिवाणूच्या संसर्गाबद्दल एक वाक्य पुरे. तोही धाग्यांचा, तोही फिशर (लोबमधल्या फटी) आणि छातीची भिंत ओलांडतो, पण बहुधा दातांची स्थिती वाईट असलेल्या, एरवी धडधाकट माणसात, फार संथपणे, आणि तो ऑक्सिजनशिवाय वाढतो, अ‍ॅसिड-फास्ट मुळीच नसतो.

सगळ्यात घातक गल्लत कॅन्सरशी होते. फुप्फुसात तीन-चार सेंटिमीटरचा खडबडीत मास, आणि मेंदूत कडा उजळणाऱ्या दोन-तीन गाठी. हे वाचल्याबरोबर कुणाच्याही तोंडून 'मेटास्टॅसिस', म्हणजे पसरलेला कॅन्सर, असंच निघतं. पेट-सीटी केला तर दोन्ही जागा चमकतात, कारण पू भरलेल्या, धगधगत्या दाहालाही ग्लुकोज लागतंच. मग मेंदूची सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सुरू होतं. संसर्ग असेल तर त्याच्यासाठी यापेक्षा वाईट काही नाही. इथे एमआरआयमधला डिफ्यूजन हा एक सिक्वेन्स माणूस वाचवू शकतो. गळवातला पू घट्ट असतो, पाण्याचे रेणू त्यात मोकळे हलत नाहीत, म्हणून गळवाचा मध्यभाग डिफ्यूजनवर लख्ख पांढरा आणि एडीसी नकाशावर काळा दिसतो. कुजलेल्या मेटास्टॅसिसचा मध्यभाग बहुतेक वेळा असा दिसत नाही. अपवाद दोन्ही बाजूंना आहेत, पण मध्यभाग पांढरा दिसला तर स्टिरॉइड देण्याआधी नमुना घ्या असं रिपोर्टमध्ये लिहा, आणि फोनही करा.

एप्पिंगर यांच्या रुग्णाकडे परत येण्याची जागा हीच. नोकार्डिया रक्तातून पसरतो, आणि पसरला की मेंदू ही त्याची आवडती जागा. गळू लहान असेल तर रुग्णाला काहीच जाणवत नाही. म्हणून फुप्फुसात नोकार्डिया निघाला आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर डोकं दुखत नसलं, झटका आलेला नसला तरी मेंदूचा एमआरआय करायचा. त्यावर औषधाची निवड अवलंबून असते आणि मुदतही. फुप्फुसापुरत्या आजारात उपचार साधारण सहा ते बारा महिने चालतात, मेंदूत शिरला असेल तर किमान वर्षभर. तुमच्या रुग्णाचा एमआरआय झाला आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. झाला नसेल तर आजच संबंधित डॉक्टरांशी बोला. त्वचेवर नवी गाठ किंवा फोड आहे का, तेही विचारून घ्या. तिथला नमुना मिळणं फुप्फुसापेक्षा किती तरी सोपं असतं.

नमुन्याबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं, कारण सुई आपल्या हातात असते. बेडक्यात नोकार्डिया पुष्कळदा सापडत नाही. ब्रॉन्कोस्कोपीत सापडतो, तुमच्याकडे सापडला. नाहीच सापडला तर सुई घालायची वेळ येते. आधी प्ल्यूराला टेकलेली जागा शोधा, म्हणजे सुई हवेच्या फुप्फुसातून जाणार नाही आणि न्यूमोथोरॅक्सचा (छातीत हवा शिरून फुप्फुस आक्रसण्याचा) धोका कमी होईल. मध्यातला द्रव कल्चरसाठी ओढून घ्या, कडेच्या जिवंत भागातून पॅथॉलॉजीसाठी तुकडे घ्या. आणि एक गोष्ट दर वेळी स्वतः बघा. सगळे तुकडे फॉर्मलिनमध्ये टाकले गेले की जंतू मरतात, कल्चर संपलं. एक तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये गेलाच पाहिजे. नुसत्या टीबीच्या कल्चरला नमुना पाठवला तर त्यावर आधी तीव्र अल्कलीची प्रक्रिया होते, आणि तिच्यात नोकार्डिया मरू शकतो. म्हणून नेहमीचं कल्चरही वेगळं लिहा. पॅथॉलॉजीला ग्रॅम, सिल्व्हर आणि सुधारित अ‍ॅसिड-फास्ट रंग मागा. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात हे धागे जवळजवळ अदृश्य असतात.

वर ज्याचा सीटी सांगितला, त्या रुग्णाच्या बरगड्यांमधून सुई घातली तेव्हा सिरिंजमध्ये दोन-तीन मिली दाट, पिवळसर पू आला. मी तो स्वतः मायक्रोबायोलॉजीत नेला. तासाभरात ग्रॅमची स्लाइड बघायला बोलावलं. पू-पेशींच्या गर्दीत अतिशय बारीक, काटकोनात फांद्या फुटलेले निळे-जांभळे धागे, आणि रंग सलग नाही, मण्यामण्यांचा, जणू माळेचे मणी मधेमधे गळून पडलेत. ते एकदा नीट बघितलं की आयुष्यभर ओळखता येतं. पाचव्या दिवशी प्लेटवर खडूसारख्या कोरड्या, पांढुरक्या वसाहती आल्या. या जंतूच्या वसाहतींना ओल्या मातीचा वास येतो असं पुस्तकांत वाचलेलं असतं. पण प्लेट नाकाशी नेऊन तो घ्यायचा नाही, हे मायक्रोबायोलॉजीतल्या मॅडमनी आम्हाला बजावून सांगितलं होतं.

मायक्रोबायोलॉजी विभागात जाऊन स्लाइड बघण्याची सवय लावून घ्या. आपण सावल्या वाचतो. ती सावली कशाची होती हे डोळ्यांनी पाहिलं की पुढचा सीटी वेगळा वाचला जातो.

अजून एक शंका तुमच्या प्रश्नामागे मला दिसते. प्रत्यारोपणाच्या रुग्णांना न्यूमोसिस्टिस हा बुरशीचा न्यूमोनिया होऊ नये म्हणून कोट्रायमॉक्साझोलची छोटी मात्रा चालू असते, आणि नोकार्डियावरचं मुख्य औषधही तेच. मग ते चालू असताना हा आजार कसा होईल? होतो. प्रतिबंधाची ती मात्रा नोकार्डियाला पूर्ण रोखत नाही. त्यामुळे औषधांच्या यादीत ते नाव दिसलं म्हणून ही शक्यता खोडू नका. नोकार्डियाच्या जातीजातींत औषधांचा परिणामही बदलतो. नोकार्डिया फार्सिनिकासारखी जात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या प्रतिजैविकाला दाद देत नाही. म्हणून जात ओळखणं आणि संवेदनशीलता तपासणं भाग असतं. हा भाग संसर्गतज्ज्ञांचा, त्यात मी फार शिरत नाही.

पुढचे सीटी मात्र तुम्हालाच वाचायचे आहेत. ताप औषध सुरू झाल्यावर काही दिवसांत उतरू लागतो, चित्र मात्र हळू निवळतं. कन्सॉलिडेशन आक्रसतं, पोकळीची भिंत पातळ होते, गाठी बारीक होतात, शेवटी रेघा आणि एखादी रिकामी पोकळी राहते. रुग्ण बरा वाटतोय आणि सीटीत अजून बरंच दिसतंय, ही नेहमीची गोष्ट आहे. तिथे 'उपचार लागू नाही' असं घाईने लिहू नका. उलट आकार वाढला, नवी गाठ आली किंवा प्ल्यूरातलं पाणी कप्प्याकप्प्यांचं झालं, तर ते ठळक लिहा. त्याचा अर्थ औषध चुकीचं आहे, किंवा पू बाहेर काढायची गरज आहे, किंवा सोबत दुसरा जंतूही आहे. अ‍ॅस्परजिलस आणि नोकार्डिया एकाच फुप्फुसात असू शकतात.

तुमच्या रुग्णाचा तोच सीटी आज माझ्यासमोर आला तर शेवटच्या चार ओळी मी अशा लिहीन: 'उजव्या खालच्या लोबमध्ये प्ल्यूराला टेकलेलं कन्सॉलिडेशन, आत पोकळी. दोन्ही फुप्फुसांत अनेक गाठी. प्रत्यारोपणाच्या रुग्णात नोकार्डिया, बुरशीचा संसर्ग आणि टीबी यांचा विचार व्हावा, कॅन्सरची शक्यता त्यानंतर. नमुन्याचं ग्रॅम आणि सुधारित अ‍ॅसिड-फास्ट परीक्षण करावं, कल्चर किमान दोन ते तीन आठवडे ठेवावं, प्ल्यूराजवळच्या भागातून सुईने नमुना घेणं शक्य आहे, नोकार्डिया आढळल्यास मेंदूचा एमआरआय करावा.' आणि रिपोर्टवर सही झाल्यावर मायक्रोबायोलॉजीत फोन करून रुग्णाचा नमुना क्रमांक सांगेन, म्हणजे त्या प्लेटवर 'टाकू नये' अशी चिठ्ठी त्याच दिवशी लागेल.